'पर्यंत' म्हणजे कुठपर्यंत?

आम्ही काही शिक्षकमित्र मिळून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञान छंद शिबिर घेतो. एका वर्षी शिबिराचे अर्ज संगणकावर घ्यायचे ठरले. मुदत होती 1 जुलै ते 31 जुलै. अर्ज आला की त्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाई. ऑगस्ट उजाडल्यावर आम्ही संगणकाला विचारले, '1 जुलै आणि 31 जुलै यांच्या दरम्यान आलेले सर्व अर्ज दाखव.' यादी आली, ती आम्ही फलकावर लावली आणि काम संपले असे समजून मोकळे झालो.

दोन दिवसांनी एका मुलीचे वडील पोचपावती घेऊन आले. पावतीवर 31 जुलै, दुपारी चारची वेळ होती. यादीत मात्र मुलीचे नाव नव्हते. आम्ही नोंदी तपासल्या, तेव्हा लक्षात आले की 31 जुलैला आलेला एकही अर्ज यादीत नाही. आणि शेवटच्या दिवशी किती अर्ज येतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको! यादी दुरुस्त केली, मुलांची आणि पालकांची क्षमा मागितली. त्या गृहस्थांनी पोचपावती जपून ठेवली नसती, तर ही मुले शिबिराला मुकली असती आणि आम्हाला ते कळलेही नसते.

चूक आमचीच होती. संगणकाने सांगितले तेवढेच केले. अर्जाच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही होती. आमच्या प्रश्नात नुसती तारीख होती. अशा वेळी संगणक नुसत्या '31 जुलै'चा अर्थ '31 जुलै, 00 वाजून 00 मिनिटे 00 सेकंद' असा घेतो. म्हणजे 30 तारखेची रात्र संपून 31 तारीख सुरू होते तो क्षण. त्यानंतर एक सेकंदाने आलेला अर्जही 'दरम्यान'च्या बाहेर पडला. आमच्या मनात '31 जुलै' हा चोवीस तासांचा पट्टा होता. संगणकाच्या लेखी तो एक बिंदू होता.

ही चूक जगभर रोज कुठे ना कुठे होत असते. पण तिचा शोध घेऊ लागलो, तेव्हा कळले की ती संगणकाहून फार जुनी आहे. कालावधीच्या दोन टोकांचे काय करायचे, ती आत धरायची की बाहेर, हा प्रश्न माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे छळतो आहे.

रोमन पुरोहितांची मोजणी

ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व 45 मध्ये नवी कालगणना सुरू केली. वर्ष 365 दिवसांचे आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस जादा, हा नियम आपल्या ओळखीचा आहे. पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि नियम पाळण्याचे काम पुरोहितांकडे आले. त्यांनी दर चौथ्या वर्षी म्हणजे प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जादा दिवस घालायला सुरुवात केली!

असे कसे झाले? रोमन लोक मोजताना दोन्ही टोके आत धरत. आज लीप वर्ष असेल, तर ते 'पहिले'. पुढचे दुसरे, मग तिसरे, मग चौथे. चौथे आले की पुन्हा लीप वर्ष. बोटांवर मोजून पाहा: पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर तीनच वर्षांचे आहे. रोमन बाजार दर आठ दिवसांनी भरत असे, पण त्याच्या लॅटिन नावात नऊ हा आकडा आहे. तोही याच सवयीमुळे. 36 वर्षांत 9 ऐवजी 12 जादा दिवस घातले गेल्यावर सम्राट ऑगस्टसच्या काळात ही चूक लक्षात आली. मग वाढलेले तीन दिवस भरून निघेपर्यंत जादा दिवस घालणे थांबवावे लागले. एका साम्राज्याचे पंचांग केवळ टोके मोजण्याच्या पद्धतीमुळे तीन दिवस सरकले होते.

आपल्या घरातली उदाहरणे

रोमनांना हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहू या. 'आठ दिवसांनी या' असे सोमवारी कोणी सांगितले, तर आपण पुढच्या सोमवारी जातो. दिवस सात आणि शब्द मात्र 'आठवडा'! इथेही सोमवार ते सोमवार अशी दोन्ही टोके मोजली जातात.

पण आपल्याच संगीतात हिशेब वेगळा आहे. सा रे ग म प ध नी हे सात स्वर मिळून सप्तक होते. त्यानंतरचा वरचा सा पुढच्या, म्हणजे तार सप्तकाची सुरुवात समजला जातो. युरोपीय संगीतात याच अंतराला आठवरून नाव पडले आहे, कारण तिथे वरचा सा सुद्धा मोजतात. याचा परिणाम गमतीचा होतो. आपली दोन सप्तके जोडली, तर सात आणि सात चौदा, असा सरळ हिशेब होतो. तिकडच्या दोन अष्टकांच्या अंतराला मात्र सोळा न म्हणता पंधरा म्हणावे लागते. मधला स्वर दोनदा मोजला गेलेला असतो, तो एकदा वजा करावा लागतो.

पंचांगातही पाहा. तिथीसमोर एकच वेळ छापलेली असते, ती तिथी संपण्याची. अष्टमी दुपारी अमुक वाजेपर्यंत, एवढेच. नवमी कधी सुरू होते हे वेगळे छापत नाहीत, कारण जिथे अष्टमी संपते तिथेच नवमी सुरू होते. मध्ये फट नाही आणि दोन तिथी एकमेकींवर चढतही नाहीत.

कायद्याची रीत आणखी निराळी. 1897 सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 9 सांगते की मुदतीचा पहिला दिवस वगळायचा असेल, तर 'पासून' या अर्थाचा शब्द वापरणे पुरेसे आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल, तर 'पर्यंत' या अर्थाचा. म्हणून 1 तारखेपासून दहा दिवसांची मुदत 11 तारखेला संपते.

म्हणजे एकूण चार शक्यता झाल्या: दोन्ही टोके आत, दोन्ही बाहेर, पहिले आत व शेवटचे बाहेर, पहिले बाहेर व शेवटचे आत. बोलताना आपण 'ते', 'पर्यंत', 'दरम्यान' असे शब्द वापरतो आणि यांपैकी कोणती शक्यता ते प्रसंगावरून ओळखतो. संगणकाला प्रसंग कळत नाही.

ॲरिस्टॉटलचा निवाडा

इथे एक खोलवरचा प्रश्न आहे. दिवा 7 वाजता लागला. बरोबर 7 वाजता दिवा चालू होता की बंद? 'बंद' आणि 'चालू' या दोन्ही कालावधींत 7 चा क्षण धरला, तर त्या क्षणी दिवा चालूही होता आणि बंदही. दोन्हींतून वगळला, तर त्या क्षणी दिवा चालूही नव्हता आणि बंदही नव्हता. दोन्ही उत्तरे तर्काला धरून नाहीत.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या 'फिजिक्स' या ग्रंथात नेमक्या याच अडचणीचा विचार केला आहे. एखादी पांढरी नसलेली वस्तू पांढरी होते, तेव्हा बदलाचा क्षण कोणाचा? त्याचा निवाडा असा की वस्तूच्या दृष्टीने तो क्षण नंतरच्या अवस्थेचा मानावा. नाहीतर एकच वस्तू एकाच क्षणी तशी आहे आणि नाही, असे म्हणावे लागेल. आजच्या भाषेत सांगायचे, तर कालावधीचे सुरुवातीचे टोक आत आणि शेवटचे टोक बाहेर. आमच्या यादीला हाच नियम हवा होता!

तक्त्यांचे गणित

आता संगणकाकडे वळू या. 1960 च्या दशकात संगणकातील माहितीसाठे झाडाच्या फांद्यांसारखे रचलेले असत. हवी ती नोंद मिळवायची, तर कोणत्या फांदीवरून कुठे जायचे ही वाटही सांगावी लागे. जून 1970 मध्ये आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणिती एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. संचसिद्धान्ताचा आधार घेऊन त्यांनी सुचवले की सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी: आडव्या ओळी आणि उभे रकाने. विचारणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे, 'कसे शोधायचे' ते संगणक पाहील. हेच रिलेशनल डेटाबेस. या कामासाठी कॉड यांना 1981 साली संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 साली असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्ध झाली आणि 1986 साली अमेरिकेत तिचे पहिले प्रमाणरूप ठरले. शाळेचा निकाल असो, बँकेचे खाते असो वा रेल्वेचे आरक्षण, रिलेशनल डेटाबेस आज सर्वत्र आहेत.

कॉड यांच्या मांडणीत एक शिस्त होती: प्रत्येक चौकटीत एकच, सुटी किंमत असावी. आता कालावधी कुठे ठेवायचा? तो सुरुवात आणि शेवट अशा दोन रकान्यांत विभागला गेला. आपल्या दृष्टीने ते एकाच पट्ट्याची दोन टोके. संगणकाच्या दृष्टीने शेजारशेजारचे दोन स्वतंत्र रकाने. टोके आत की बाहेर, हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नसे. ते कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असे, आणि दुसऱ्या कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात दुसरेच असे.

एसक्यूएलमध्ये 'दरम्यान' या अर्थाचा 'बिट्वीन' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दोन्ही टोके आत. '35 आणि 45 यांच्या दरम्यान गुण' विचारले, तर 35 वाले येतात आणि 45 वालेही. पूर्ण गुणांना हे छान लागू पडते. नुसत्या तारखांनाही लागू पडते. कारण गुण आणि तारखा आपण मोजतो. 31 च्या पुढे थेट 1 येते. वेळ मात्र मापावी लागते. दोन क्षणांच्या मध्ये नेहमी आणखी क्षण असतात. तिथे 'शेवटचा क्षण' कोणता, हे सांगताच येत नाही.

यावर अनेकांनी काढलेली पळवाट म्हणजे '31 जुलै, 23:59:59 पर्यंत' असे लिहिणे. मग शेवटच्या सेकंदाच्या पोटात आलेला अर्ज सुटतो. म्हणून कोणी 23:59:59.999 लिहितो. पण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील जुना वेळप्रकार सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच नोंदतो. तो ही किंमत जवळच्या नोंदीकडे ढकलतो आणि ती दुसऱ्या दिवशीचे 00:00:00 होऊन बसते! शिवाय कधीकधी 59 नंतर 60 वा सेकंदही येतो. जागतिक वेळेनुसार 31 डिसेंबर 2016 ला 23:59:60 असा लीप सेकंद घातला गेला. भारतात तेव्हा 1 जानेवारी 2017 ची पहाट, 5:29:60 ही वेळ होती.

डाइक्स्ट्रा यांची टिपण

या गोंधळावरचा उपाय एका वेगळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने स्पष्ट झाला. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांना आपले विचार छोट्या टिपणांत लिहून मित्रांना पाठवण्याची सवय होती. ऑगस्ट 1982 च्या अशाच एका टिपणात, मोजणी शून्यापासून का सुरू करावी, हा विषय त्यांनी घेतला. 2 पासून 12 पर्यंतच्या पूर्णांकांची माळ लिहायची आहे. चार पद्धती आहेत:

2 किंवा अधिक, 13 पेक्षा कमी;
1 पेक्षा अधिक, 12 किंवा कमी;
2 किंवा अधिक, 12 किंवा कमी;
1 पेक्षा अधिक, 13 पेक्षा कमी.

माळेत अकरा संख्या आहेत. पहिल्या दोन पद्धतींत टोकांची वजाबाकी केली की थेट 11 येतात; उरलेल्या दोन पद्धतींत 10 किंवा 12. पहिल्या दोन पद्धतींचा दुसरा गुण असा की दोन माळा एकापुढे एक जोडल्या, तर एकीचे शेवटचे टोक तेच दुसरीचे पहिले टोक. आता या दोघींतली कोणती? माळ शून्यापासून सुरू होत असेल, तर दुसऱ्या पद्धतीत 'उणे 1 पेक्षा अधिक' असे लिहावे लागेल. नैसर्गिक संख्यांची माळ लिहायला ऋण संख्येचा आधार घेणे बरे दिसत नाही. म्हणून पहिली पद्धत उत्तम. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील 'मेसा' या संगणकभाषेत चारही पद्धतींची सोय होती, आणि अनुभव असा आला की उरलेल्या तिन्ही पद्धतींनी सतत चुका होतात, हेही त्यांनी नोंदले आहे.

डाइक्स्ट्रा पूर्णांकांविषयी बोलत होते, पण त्यांचे म्हणणे वेळेला अधिकच लागू पडते. '1 जुलै किंवा त्यानंतर, आणि 1 ऑगस्टच्या आधी' असे आम्ही विचारले असते, तर एकही अर्ज सुटला नसता. सेकंदाचे किती भाग नोंदले जातात, लीप सेकंद आला का, महिना 30 चा की 31 चा, फेब्रुवारी 28 चा की 29 चा, यांतले काहीही माहीत असण्याची गरज नाही. युक्ती एवढीच की 'पर्यंत' हा शब्द सोडायचा आणि 'च्या आधी' म्हणायचे.

प्रमाणभाषेचा प्रवास

हे कळूनही वळायला वेळ लागला. 1983 साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील जेम्स ॲलन यांनी दोन कालावधींमध्ये नेमके किती प्रकारचे संबंध असू शकतात, ते मोजले. आधी, लागून, अंशतः चढून, आत, एकसारखे वगैरे मिळून ते बरोबर 13 भरतात. दिव्याचे कोडे त्यांच्याही निबंधात आहे. एक टोक आत आणि एक बाहेर ही तोड त्यांनाही ठाऊक होती, पण ती त्यांना कृत्रिम वाटली. त्यांनी बिंदूंचा विचार सोडून कालावधी हाच मूळ घटक मानला.

1992 साली एसक्यूएलच्या प्रमाणरूपात तारीख आणि वेळ यांचे प्रकार प्रथमच आले. त्याच प्रमाणरूपात दोन कालावधी एकमेकांवर चढतात का, हे विचारण्यासाठी 'ओव्हरलॅप्स' हा शब्द आला, आणि त्यात शेवटचे टोक बाहेर धरले गेले. म्हणजे एकाच भाषेत 'बिट्वीन' दोन्ही टोके आत घेतो आणि 'ओव्हरलॅप्स' शेवटचे टोक बाहेर ठेवतो!

ॲरिझोना विद्यापीठातील रिचर्ड स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली कालावधी समजणारी एसक्यूएलची एक विस्तारित आवृत्ती मांडली. ती प्रमाणरूपात घ्यावी की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद झाले आणि प्रस्ताव मागे पडला. अखेर 2011 च्या प्रमाणरूपात 'पीरियड' म्हणजे कालावधी ही कल्पना आली: दोन रकाने मिळून एक कालावधी होतो, हे आता तक्त्यालाच सांगता येऊ लागले. त्यात नियमही स्पष्ट लिहिला गेला: सुरुवात आत, शेवट बाहेर. 2012 साली पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने तर पट्टा हीच एक किंमत मानून ती एकाच चौकटीत ठेवण्याची सोय केली, आणि 2025 च्या आवृत्तीत कालावधी एकमेकांवर चढू न देणारी किल्ली तक्त्याला लावता येऊ लागली. कॉड यांच्या निबंधानंतर चार दशकांनी दोन टोके पुन्हा एक झाली.

वर्गात करून पाहा

शाळेची एक प्रयोगशाळा, आणि दोन वर्गांना ती हवी आहे. दोन तासिका एकमेकींवर चढतात का, हे कसे ठरवाल? मुलांना विचारा. ती वेगवेगळ्या आकृत्या काढतील: एक दुसरीच्या पोटात, एक थोडी पुढे, एक थोडी मागे. प्रकार वाढत जातील आणि एखादा सुटेल.

मग प्रश्न उलटा करा: त्या केव्हा चढत नाहीत? उत्तरे दोनच. पहिली संपल्यावर दुसरी सुरू होते, किंवा दुसरी संपल्यावर पहिली. हे दोन्ही नाकारले की नियम मिळतो: पहिलीची सुरुवात दुसरीच्या शेवटाआधी, आणि दुसरीची सुरुवात पहिलीच्या शेवटाआधी. या दोन अटींत सगळे प्रकार आले.

आता 10:30 ते 11:05 आणि 11:05 ते 11:40 या तासिका घ्या. 'आधी'ऐवजी 'आधी किंवा त्याच वेळी' म्हटले, तर संगणक म्हणेल की 11:05 ला दोन वर्ग एकाच खोलीत आहेत, आणि अख्खे वेळापत्रक नाकारेल. नुसते 'आधी' म्हटले, तर तासिका नीट ओळीने बसतात. घंटेचा क्षण पुढच्या तासिकेचा, हे मुलांना सांगावे लागत नाही. ते संगणकाला सांगावे लागते.

त्या वर्षीचे शिबिर पार पडले. यादीतून सुटलेली ती मुलगी शिबिरात होती, आणि घड्याळाच्या लंबकावरचा तिचा प्रयोग सर्वांना आवडला. त्यानंतर आमच्या सूचनाफलकावर 'अर्ज 31 जुलैपर्यंत स्वीकारले जातील' असेच लिहिलेले असते, कारण ते माणसांसाठी आहे. संगणकाला मात्र आम्ही 'ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या आधी' असे सांगतो, आणि यादी लावण्यापूर्वी शेवटच्या दिवसाचा एक अर्ज तरी त्यात आहे ना, हे डोळ्यांनी पाहतो.